डा. ५८, उ. ६१

पत्र्याच्या ट्रंकेत, कांड्यांच्या खाली सापडली.
हैदराबादला अन्नाला फोन लावला.
"अजून हाय ती? भंगारात घाल बे," म्हणाला,
आणि लगेच, "कवच फुटलंय का?"

फुटलंय. पण रंग आतून मारलेला,
म्हणून वरची धूळ पुसली की
शहाण्णव साल जसंच्या तसं पिवळं.
सात नंबर, आणि मागं
अप्पांच्या कारखान्याचं नाव, जरा तिरकं:
मडूर टॉवेल.

सेल फुटून हिरवं मीठ पसरलेलं. लिंबू चोळलं.
मोटर सादिक शाब्दीकडं नेली,
तो पंपाच्या मोटरी भरतो, बोअरच्या, पाच-पाच हॉर्सच्या.
हिला तळहातावर धरून हसला,
मग चष्मा लावला आणि तासभर बोललाच नाही.
ब्रश घासून बसवले. पैसे घेतले नाहीत,
"चालली तर दाखव" म्हणाला.

चाकांचा फोम हात लावताच पीठ झाला.
स्लिपरच्या तळव्यातून चार चकत्या कापल्या,
मोटरवर फिरवत पॉलिश पेपरनं गोल केल्या,
चारी अगदी एकसारख्या.
मला एकसारखं करायचीच सवय,
बावीस वर्षं टॉवेलच्या काठावर बसून काढलीत.

एमआयडीसीतल्या शेडमध्ये आता माग नाहीत,
किलोवर गेले. फरशीत बोल्टांची भोकं राहिलीत,
जोडीजोडीनं, जिथं-जिथं पाय होते तिथं.
त्यांच्या भोवतीनं चुन्याचा लांबट गोल ओढला.
शेजारचा यल्लालिंग बॅटरी घेऊन आला,
त्याच्या ड्रोनची. "एवढं जुनं सहन करंल का, आत्या?"

पहिल्याच वळणाला भिंत.
दुसऱ्यांदा भिंत. तिसऱ्यांदा यल्लालिंगचा पाय.
वळायचं नावच नाही.
दुपारी दीड, पत्रा तापलेला,
मी कवच उलटं करून वारा घालत बसले
तेव्हा आतल्या बाजूला दिसलं,
अन्नाचं बॉलपेन, शाळेतलं गिचमिड अक्षर:
डा. ५८ उ. ६१.

म्हणजे डावी चाकं बारीक. मुद्दाम.
बॅटरीसुद्धा डावीकडं सरकवून बांधायची.
ही गाडी सरळ जायला केलीच नव्हती कधी,
डावं वळण, डावं वळण, पुन्हा डावं,
आणि मी तिला शहाण्यासारखं
चारी पायांवर सारखं उभं करत होते.

तेव्हा माझं काम उचलायचं होतं.
रविवारी कारखाना बंद,
मोकळ्या अंगणात अन्ना अन् त्याचे दोस्त खुर्च्यांवर,
हातात रिमोट, तोंडात चिवडा,
आणि गाडी उलटली की, "ए, पळ!"
मी पळायची. सुलटी करायची. बाजूला व्हायची.
रिमोट मागितला होता एकदा.
"तुटंल," म्हणाले. गाडी की मी, ते नाही सांगितलं.

तीन मिलिमीटर घासायला संध्याकाळ झाली.
मग गेली.
माशीसारखा आवाज, मग शिट्टी,
पांढऱ्या चुन्याला घासून,
बोल्टांच्या भोकांवर टकटक करत,
चार सेकंदांत एक फेरी, पावणेचार,
यल्लालिंग मोबाइलवर ओरडून सांगतोय.

अन्नाला लावला आणि फोन फरशीवर ठेवला.
तिकडून काहीच नाही.
सहा फेऱ्या झाल्या, सात,
मला वाटलं कट झाला.
मग म्हणाला, "सरळला डावीकडं ओढती नव्हं?
उजवीकडं धर जरा. थोडंच. दाबू नको."
मी आधीच धरलं होतं.
"लॅप किती?"
सांगितलं नाही. म्हटलं, ये की बघायला.

आठव्या मिनिटाला आवाज जाड झाला,
पलीकडच्या भिंतीपाशी ती थांबली
आणि यल्लालिंग उचलायला पळाला.
"थांब बे," म्हटलं,
आणि रिमोट हातात तसाच धरून
गेले.